एका पेशीपासून बेडकापर्यंत: हे कुठे वाचायचं आणि कुणाला विचारायचं

जूनचा पहिला दमदार पाऊस पडला की आमच्या गोव्यात फोंडा-डिचोलीकडच्या शेतांत मोठ्या बेडकांचे नर पिवळेधमक होतात आणि रात्रभर ओरडून झोप उडवतात. त्यानंतर बांधाकडेच्या साचलेल्या पाण्यात अंडी दिसू लागतात, जेलीत गुंडाळलेले काळपट ठिपके. प्रत्येक ठिपका ही सुरुवातीला एकच पेशी असते. तिच्या दोन होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ, आणि थोड्याच दिवसांत शेपूट हलवत बेडूकमासा निघतो. डोकं एका टोकाला, शेपूट दुसऱ्या टोकाला, डोळे दोनच, काळीज नेमकं जागेवर. हे सगळं ठरवतं कोण?

विकासात्मक जीवशास्त्र म्हणजे या प्रश्नाचा गेली शंभरेक वर्षं चाललेला पाठपुरावा. जुनी मंडळी याला भ्रूणविज्ञान म्हणायची. तेव्हा भर वर्णनावर होता: कुठल्या दिवशी काय दिसतं, कुठला अवयव कशातून निघतो. आता कुठलं जनुक कुठल्या पेशीत कधी चालू होतं आणि शेजारची पेशी तिला काय सांगते, हेही पाहतात.

प्राणिशास्त्र शिकवत असल्यामुळे मला हा प्रश्न ठरलेला असतो: सर, पाठ्यपुस्तकात चार आकृत्या आहेत, याच्या पुढचं कुठे मिळेल? त्याचं उत्तर आज सोपं झालं आहे, पण अर्धंच. इंटरनेटवर जे फुकट उपलब्ध आहे ते थक्क करणारं आहे. मात्र ते काही मोजक्या प्राण्यांबद्दलच आहे, आणि प्रयोग करताना हाताला जे कळावं लागतं त्यातलं फार थोडं तिथे सापडतं. उरलेल्यासाठी माणसांना भेटावं लागतं.

आधी विषयाचा गाभा. तुमच्या डोळ्यातल्या पेशीत आणि यकृतातल्या पेशीत डीएनए जवळजवळ एकच असतो. फरक पडतो तो त्यातली कुठली जनुकं जागी आहेत यामुळे. कुठल्या पेशीत काय जागं व्हायचं हे बऱ्याचदा शेजारी ठरवतात. जर्मनीत हान्स श्पेमान आणि त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड यांनी १९२४ साली छापलेला प्रयोग आजही पहिल्या तासाला सांगितला जातो. त्यांनी न्यूट या पाणसरड्यासारख्या प्राण्याच्या कोवळ्या भ्रूणातला एक छोटा तुकडा कापून दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाकडच्या बाजूला बसवला. तिथे दुसरा भ्रूण उभा राहिला, पाठीचा कणा, मज्जारज्जू वगैरेसकट. देणारा भ्रूण फिकट आणि घेणारा गडद रंगाचा होता, त्यामुळे नव्या अवयवांतला बराचसा भाग घेणाऱ्याच्याच पेशींचा आहे, हे डोळ्यांनी दिसलं. त्या तुकड्याने शेजाऱ्यांना कामाला लावलं होतं. श्पेमान यांना १९३५ चं नोबेल मिळालं. हिल्डे मांगोल्ड १९२४ मध्येच स्वयंपाकघरातल्या अपघातात भाजून गेल्या, त्यांना काहीच पाहायला मिळालं नाही.

आता, असले परदेशी प्राणी कशाला? आपल्या शेतातला बेडूक का नको? कारण तो फक्त पावसात अंडी देतो. ऑगस्टनंतर प्रयोगशाळा काय करणार? शिवाय आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने बेडूक पकडायला बंदी आहे, प्रयोगासाठीही खास परवानगी लागते. म्हणून जगभर दक्षिण आफ्रिकेतला झेनोपस नावाचा नखवाला बेडूक वापरात आला. त्याच्या मादीला ठरावीक संप्रेरकाचं इंजेक्शन दिलं की ती वर्षाच्या कुठल्याही महिन्यात अंडी देते. ते संप्रेरक गरोदर बाईच्या लघवीत असतं, त्यामुळे १९३० च्या दशकापासून दोन-तीन दशकं हा बेडूक गरोदरपणाची चाचणी म्हणूनही वापरला गेला. दवाखान्यांसाठी पाळलेला प्राणी असा भ्रूणशास्त्राच्या हाती लागला.

असे पाच-सहा प्राणी या शाखेचे आधारस्तंभ आहेत: फळमाशी, एक मिलिमीटर लांबीचा सी. एलिगन्स नावाचा पारदर्शक कृमी, झेब्राफिश, झेनोपस, कोंबडीचं अंडं आणि उंदीर. कृमीबद्दल तर इतकं ठाऊक आहे की हेवा वाटावा. सिडनी ब्रेनर यांनी तो निवडला. जॉन सल्स्टन आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून प्रत्येक पेशी कुणापासून निघाली याची वंशावळ लिहून काढली. उभयलिंगी कृमी घडताना शरीराच्या १०९० पेशी तयार होतात, त्यातल्या १३१ ठरल्या वेळी मरतात आणि ९५९ उरतात. दरवेळी तेच. ब्रेनर, सल्स्टन आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हॉर्विट्झ यांना याच कामासाठी २००२ चं नोबेल मिळालं. ही सगळी वंशावळ आणि त्या कृमीच्या जनुकांची माहिती 'वर्मबेस' नावाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते.

झेब्राफिश मात्र आपल्याच उपखंडातला. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातल्या माशांचं वर्णन करताना त्याची नोंद केली. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत प्रतिष्ठा मिळवून दिली. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात निळ्या पट्ट्यांचा हा मासा सहज मिळतो. त्याची अंडी काचेसारखी स्वच्छ असतात आणि आईच्या पोटाबाहेर वाढतात. फलन झाल्यावर पाऊण तासात पहिलं विभाजन, चोवीस तासांच्या आसपास हृदयाचे ठोके, तिसऱ्या दिवसापर्यंत पिल्लू बाहेर. हे वेळापत्रक २८.५ अंश सेल्सियसचं आहे, आणि गोव्याच्या हवेला ते तापमान परकं नाही. साधा सूक्ष्मदर्शक असलेल्या कॉलेजला एका आठवड्यात दाखवता येईल असा याहून चांगला विषय मला माहीत नाही. तरी आम्ही अजून वर्गात जुन्या काचपट्ट्या फिरवत बसतो, ते जाऊ दे.

तापमानाचा मुद्दा किरकोळ नाही. गार पाण्यात भ्रूण हळू वाढतो, कोमट पाण्यात भराभर. कोंबडीची दोन अंडी एकाच वेळी उबवायला ठेवली तरी तिसऱ्या दिवशी दोन्ही सारखी नसतात. मग 'तीन दिवसांचा भ्रूण' याला अर्थ काय राहिला? यावर व्हिक्टर हॅम्बर्गर आणि हॉवर्ड हॅमिल्टन यांनी १९५१ साली तोडगा काढला. पिल्लू बाहेर पडेपर्यंतचा २१ दिवसांचा प्रवास त्यांनी दिसण्यावरून ४६ टप्प्यांत बांधला. सुरुवातीचे टप्पे कण्याच्या दोन्ही अंगांना दिसणाऱ्या ठोकळ्यांच्या जोड्या मोजून ओळखायचे, नंतरचे पंख, पाय, चोच पाहून. आता कुणी 'टप्पा १८' म्हटलं की पुण्यात आणि टोकियोत एकच चित्र डोळ्यांपुढे येतं. माणसाच्या पहिल्या आठ आठवड्यांसाठी असेच २३ कार्नेगी टप्पे आहेत, झेब्राफिशसाठी १९९५ साली छापलेली तक्ता-मालिका आहे. ऑनलाइन भांडारात शिरण्याआधी आपल्या प्राण्याचा हा तक्ता छापून भिंतीवर लावावा. त्याशिवाय तिथली निम्मी माहिती डोक्यावरून जाते, कारण सगळ्या नोंदी टप्प्यांच्या भाषेत असतात.

कोंबडीच्या भ्रूणाचं नाव निघालं की मराठी माणसाने लीला मुळहेरकर यांची आठवण ठेवायला हवी. एडिंबऱ्यात भ्रूणशास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन यांच्याबरोबर काम करून त्या परतल्या आणि पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात कोंबडीच्या भ्रूणावरच्या संशोधनाची परंपरा त्यांनी रुजवली.

आता प्रत्यक्ष एक शोध घेऊन पाहू, कारण नुसती संकेतस्थळांची नावं देऊन काही कळत नाही. समजा एखाद्या मुलाच्या डोळ्यात बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा जन्मतःच नाही. या विकाराला अॅनिरिडिया म्हणतात. मानवी आनुवंशिक विकारांची 'ओमिम' नावाची मोफत सूची आहे. तिथे हा विकार शोधला की जनुक सापडतं: पॅक्स-६. आता हे नाव घेऊन 'माउस जीनोम इन्फर्मेटिक्स'वर जा. अमेरिकेतली जॅक्सन लॅबोरेटरी ते चालवते. तिथे कळतं की उंदरात याच जनुकाची एक प्रत बिघडली तर डोळे लहान होतात, दोन्ही बिघडल्या तर डोळेच येत नाहीत आणि पिल्लू जगत नाही. तिथून फळमाशीच्या 'फ्लायबेस'वर. माशीतल्या याच जनुकाचं नाव 'आयलेस'. ते चौथ्या गुणसूत्रावर असतं, आणि त्यात बिघाड असलेल्या माशा १९१५ सालापासून माहीत आहेत. माशांचे लोक जनुकाला बिघाड झाल्यावर काय दिसतं त्यावरून नाव देतात, म्हणून डोळा घडवणाऱ्या जनुकाचं नाव 'बिनडोळ्याचं'.

माशी आणि माणूस यांच्या डोळ्यामागे एकच जनुक असेल असं कुणाच्या मनातही नव्हतं. माशीचा डोळा शेकडो भिंगांचा, आपला एका भिंगाचा. पण १९९४ मध्ये हे नातं उघड झालं. पुढच्याच वर्षी बाझेलच्या वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेने हे जनुक माशीच्या पायात, पंखात, मिशीत चालू केलं आणि तिथे डोळे उगवले. उंदराचं जनुक वापरलं तेव्हाही डोळे आले, आणि ते माशीचेच. म्हणजे जनुक फक्त 'इथे डोळा' एवढं सांगतं. कसला डोळा, ते त्या शरीराला ठाऊक असतं. फ्लायबेसच्या त्याच पानावर पुढे हे जनुक कुठल्या टप्प्याला कुठे चालू असतं याची चित्रं, कुणी काय लिहिलं त्याची यादी, आणि बिघाड असलेल्या जिवंत माशा कुठून मागवायच्या याचे दुवे असतात. इंडियाना विद्यापीठातलं ब्लूमिंग्टनचं केंद्र अशा माशांचे हजारो वाण पाळतं आणि जगभर पाठवतं.

ही देवाणघेवाण इंटरनेटने सुरू केलेली नाही. फळमाशीवाल्यांनी १९३४ पासून एक अनौपचारिक पत्रिका चालवली. कुणाकडे कुठले वाण आहेत, माशांचं खाणं कसं शिजवायचं, काय केलं की बुरशी येत नाही, असलं सगळं त्यात असे. कृमीवाल्यांची तशीच पत्रिका १९७५ मध्ये निघाली. फ्लायबेस १९९२ मध्ये आलं ते याच सवयीतून. आपलं काम छापून येण्याआधी दुसऱ्याला वाण देऊन टाकायचा, ही रीत आधी होती, संगणक नंतर आला.

आणि हे फुकट आहे म्हणजे त्याला खर्च नाही असं नव्हे. प्रत्येक नवा शोधनिबंध वाचून त्यातली माहिती योग्य रकान्यात भरायला प्रशिक्षित माणसं पगारावर ठेवावी लागतात. २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने हार्वर्ड विद्यापीठाची अनुदानं रोखली, तेव्हा त्यावर अवलंबून असलेलं फ्लायबेसचं काम अडचणीत आलं आणि त्यांना वापरकर्त्यांकडे देणग्या मागाव्या लागल्या. जगातल्या सगळ्या माशीवाल्यांच्या पोटात गोळा आला होता.

शोधनिबंधांबद्दल थोडक्यात. जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाली आहे. तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी विद्यापीठं, महाविद्यालयं आणि संशोधन संस्थांना तिच्यातून खुली झाली. तुमचं कॉलेज तिच्यात येतं का, हे ग्रंथपालांना विचारा. येत नसेल तर 'बायोआर्काइव्ह' आहे. २०१३ पासून शास्त्रज्ञ आपले मसुदे तिथे आधीच ठेवतात. फक्त ते कुणी तपासलेले नसतात, त्यामुळे निष्कर्षापेक्षा चित्रं आणि पद्धत बघावी.

एवढं सगळं घरबसल्या मिळतं, तर मग विमानाचं तिकीट काढून परिषदेला कशाला जायचं?

शागोतीची कृती कुठल्याही पुस्तकात मिळते, पण खोबरं किती भाजलं म्हणजे पुरे, ते चुलीशी उभं राहिल्यावरच कळतं. शोधनिबंधात लिहिलेलं असतं: 'भ्रूण बाहेर काढून वाढवला'. कोंबडीचं अंडं फोडून भ्रूण न फाटता काचेच्या वाटीत कसा उतरवायचा, पातळ पडदा कुठून धरायचा, किती वेळात काम उरकलं नाही तर तो मरतो, हे एका ओळीत मावत नाही आणि संपादक तेवढी जागाही देत नाहीत. फसलेले प्रयोग तर छापलेच जात नाहीत. ते कळतात पोस्टरसमोर.

पोस्टर म्हणजे आपलं काम एका मोठ्या कागदावर मांडून त्याच्या बाजूला दोन तास उभं राहायचं. नवख्याला हे अपमानास्पद वाटतं, भाषणाची संधी मिळाली नाही म्हणून. माझ्या मते परिषदेतला सगळ्यात कामाचा वेळ तोच. मोठं भाषण ऐकणाऱ्या तीनशे जणांत तुम्हाला प्रश्न विचारायचा धीर होत नाही. पोस्टरशी तुम्ही आणि ते काम स्वतःच्या हाताने केलेली मुलगी किंवा मुलगा, दोघंच असता. 'यातलं काय जमलं नाही?' असं विचारून बघा. दहा मिनिटं बोलणं थांबत नाही.

या विषयाच्या परिषदांचे ढोबळमानाने तीन प्रकार. एक, संघटनांच्या. आंतरराष्ट्रीय संघटनेचं मूळ १९११ पर्यंत जातं आणि तिचं अधिवेशन साधारण चार वर्षांनी भरतं, २०१७ मध्ये ते सिंगापूरला होतं. भारतातही विकासात्मक जीवशास्त्रज्ञांची संघटना आहे आणि ती दर दोन वर्षांनी जमते. आपल्याकडच्या विद्यार्थ्याने सुरुवात तिथूनच करावी. दोन, एकेका प्राण्याच्या. जानेवारी २०२० मध्ये आशिया-पॅसिफिकची फळमाशी परिषद पुण्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत भरली होती, गोव्याहून एका रात्रीच्या बसच्या अंतरावर. तीन, छोट्या आणि बंदिस्त, उदाहरणार्थ गॉर्डन परिषदा. तिथे न छापलेलं कामच सांगायचं, फोटो काढायचे नाहीत, बाहेर त्याचा उल्लेख करायचा नाही, असा नियम असतो. कडक वाटतो, पण त्यामुळेच लोक मोकळेपणी बोलतात. याशिवाय अमेरिकेतल्या वुड्स होलला १८९३ पासून भ्रूणविज्ञानाचा उन्हाळी अभ्यासक्रम चालतो. त्याला परिषद म्हणता येणार नाही, पण तिथे नाव लागलं तर काही आठवडे झोप विसरायची.

गोव्यात परिषदांना तोटा नाही. त्यातल्या कुठल्या खऱ्या, हे ओळखणं मात्र विद्यार्थ्याला जमलं पाहिजे. ईमेलवर 'आदरणीय डॉक्टर' म्हणून आमंत्रण येतं, तुम्ही तर अजून एमएस्सीला असता. विषय असतो 'विज्ञान, अभियांत्रिकी, व्यवस्थापन आणि समाजशास्त्रातले नवे प्रवाह'. सारांश पाठवला की तासाभरात स्वीकारल्याचं पत्र आणि मागोमाग शुल्काचा आकडा. समुद्रकिनाऱ्याचा फोटो हमखास. अशा ठिकाणी प्रमाणपत्र मिळतं, बाकी काही मिळत नाही. आयोजक कोण, वक्त्यांनी खरोखर या विषयात काही छापलं आहे का, सारांश कुणी वाचतं का, एवढं पाहिलं तरी फसगत टळते.

पैशांचं काय? संघटना विद्यार्थ्यांना प्रवासखर्चासाठी मदत देतात. 'डेव्हलपमेंट' हे नियतकालिक चालवणारी कंपनी ऑफ बायोलॉजिस्ट्स तरुण संशोधकांना दुसऱ्या प्रयोगशाळेत जाऊन तंत्र शिकण्यासाठी फेलोशिप देते. अर्जात एकच गोष्ट बघतात: नेमकं काय शिकायचं आहे आणि ते इथे का शिकता येत नाही.

आणि परिषदेला जाता आलं नाही तर पत्र लिहावं. नैरोबीत गोमंतकीय कुटुंबात जन्मलेल्या वेरोनिका रॉड्रिग्ज डब्लिनला शिकत होत्या. मुंबईतले जनुकशास्त्रज्ञ ओबेद सिद्दिकी यांचं संशोधन वाचून त्यांनी थेट त्यांना पत्र पाठवलं आणि १९७० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) दाखल झाल्या. फळमाशीला वास कसा येतो आणि वास घेणारी इंद्रियं कशी घडतात, यावर त्यांनी मुंबईत आणि नंतर बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात (एनसीबीएस) जे काम उभं केलं ते जगभर मानलं गेलं. २०१० मध्ये त्या गेल्या. गोव्यातल्या किती प्राणिशास्त्राच्या वर्गांत त्यांचं नाव घेतलं जातं, मला शंका आहे.

पत्रात काय विचारायचं? वर म्हटलं ते पुन्हा आठवा: मोठी भांडारं पाच-सहा प्राण्यांची आहेत. आपल्या दारातल्या बहुतेक जिवांना असं घरच नाही. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि वनखातं ती राखतं. कासवाच्या पिल्लाचं लिंग गुणसूत्रांवरून ठरत नाही, अंडं वाढतानाच्या मधल्या काळात वाळू किती तापली त्यावरून ठरतं. तीस अंशांच्या आसपास एक सीमा आहे. वाळू त्याहून गरम असली की माद्या जास्त, थंड असली की नर जास्त. मग प्रश्न पडतो की आमच्या किनाऱ्यावरच्या घरट्यांतून सध्या काय निघतंय? त्याचं तयार पान कुठेच उघडत नाही. अंड्याला हात लावणं गुन्हा आहे, आणि पिल्लू नर की मादी हे बाहेरून पाहून कळतही नाही. पण वनखात्याच्या परवानगीने घरट्यांजवळच्या वाळूत तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं पुरता येतात. आपोआप मेलेल्या पिल्लांच्या जननग्रंथींचे छेद घेऊन पडताळाही करता येतो, मात्र ते छेद वाचायचे कसे, हे आधी हे काम केलेल्या माणसाला विचारावं लागेल.